वनौषधी, अन्न आणि आपले दायित्व

पावण्याच्या शिवारात एकेकाळी आगरी कुटुंबांचे भात पिकत असे. आज तेथे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील कारखाने आहेत. आपली औषधी द्रव्ये आता दूरच्या रानांतून येतात. शहापूरच्या रानात गुळवेल काढणाऱ्या कातकरी कुटुंबाच्या घरी तिच्याच मोलाने धान्य येते. म्हणून वनौषधींचा ऱ्हास हा अन्नाचाही प्रश्न आहे.

गुळवेलीचे कांडच औषधात लागते. मूळ राखून कापल्यास ती पुन्हा फुटते. दशमुळातील बेल, अग्निमंथ, टेटू, पाडळ व शिवण या वृक्षांचे मात्र मूळच लागते. मूळ खणले की वृक्ष गेला. अशोकाची साल सभोवार सोलली तरी परिणाम तोच.

जैवविविधता कायद्याच्या २०२३ मधील दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष वैद्यांस व लागवडीच्या औषधी वनस्पतींस राज्य मंडळास पूर्वसूचना देण्यातून सूट मिळाली. ती स्वागतार्ह आहे. परंतु त्यामुळे रानाचे रक्षण होत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात आत्रेय अग्निवेशास, भूमी विरस होण्यापूर्वी औषधी संग्रहित करण्यास सांगतात. आज भूमी विरस होण्यास आपली मागणीही कारण आहे.

फार्मसीचालकांनी माल लागवडीचा की रानातला, तो कोणी व कसा काढला, हे खरेदीपूर्वी विचारावे. लागवडीच्या मुळास अधिक भाव द्यावा, म्हणजे शेतकरी या वृक्षांकडे वळेल. वैद्यांनीही केवळ स्वस्त क्वाथचूर्णाचा आग्रह सोडावा. व्यवसायबंधूंनी याचा गांभीर्याने विचार करावा, ही नम्र विनंती.