हे एकमत पुरवले कोणी?

२२ डिसेंबर २०२२ रोजी बेळगाव तालुक्यातील हलगा-बस्तवाडच्या माळावर उभ्या असलेल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटकाच्या विधिमंडळाने एक ठराव संमत केला. सीमेचा प्रश्न कधीच मिटलेला आहे, कर्नाटकाची एक इंचही भूमी महाराष्ट्राला मिळणार नाही, असा त्या ठरावाचा आशय होता. ठराव एकमताने संमत झाला. पाच दिवसांनी, २७ डिसेंबरला, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने नागपुरास ८६५ गावांवरील आपला दावा सांगणारा ठराव केला. तोही एकमतानेच. नागपूरच्या एकमताचे आम्हांस नवल वाटले नाही. नवल वाटले ते हलग्याच्या एकमताचे. ज्या तालुक्यातील मराठी माणूस १९५६ पासून दर १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळीत आला, त्याच तालुक्याच्या मातीवर, त्याच्याच भवितव्याविषयी ठराव मांडला जातो आणि सभागृहात उभे राहून ‘आमचा याला विरोध आहे, तशी नोंद करा’ असे म्हणणारा एकही प्रतिनिधी नसतो! हे एकमत बंगळुरास पुरवले कोणी?

उत्तर कटू आहे, आणि ते आम्ही स्वतःस सोडून दुसऱ्या कोणाच्या पदरी घालू इच्छीत नाही. ते एकमत आम्हीच पुरवले. पटत नसेल त्याने बेळगाव ग्रामीण या एका मतदारसंघाचा इतिहास डोळ्यांसमोर आणावा.

बेळगाव शहराला पश्चिमेकडून बिलगून असलेली उचगाव, हिंडलगा, सुळगा, बेळगुंदी ही गावे आज धड खेडी राहिली नाहीत आणि धड शहरही झाली नाहीत. भाताच्या खाचरांत घरांच्या वसाहती उठल्या आहेत. बाप शेतावर जातो आणि मुलगा शहरातल्या कारखान्यात किंवा दुकानात. परंतु या पट्ट्याची राजकीय स्मृती शहराहूनही जागी होती. २००८ पूर्वी यांतील बहुतेक भाग उचगाव या नावाच्या मतदारसंघात मोडत असे, आणि उचगाव म्हणजे महाराष्ट्र एकीकरण समितीचा गड अशी त्याची ख्याती होती. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात याच पट्ट्याने गोळ्या झेलल्या. हिंडलग्याचे हुतात्मा स्मारक त्याची साक्ष देत उभे आहे आणि दर वर्षी १ जूनला आम्ही तेथे फुले वाहतो. फुले वाहणारे हात मतपेटीपाशी गेल्यावर काय करतात, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

तरुण वाचकांस ठाऊक असावे म्हणून मागची दोन पाने उलटतो. १९५६ च्या १ नोव्हेंबरला मराठी बहुसंख्येचा हा मुलूख लोकांचे मत न घेता म्हैसूर राज्यात घातला गेला. आमच्या वडीलधाऱ्यांनी त्याला दोन ठिकाणी उत्तर दिले, रस्त्यावर आणि मतपेटीत. १९५७ साली बेळगाव शहराने बा. रं. सुंठणकरांना विधानसभेत धाडले. १९६२ साली २०८ जागांच्या म्हैसूर विधानसभेत समितीचे ६ आमदार होते. सहा माणसे सरकार पाडू शकत नाहीत की बनवू शकत नाहीत, हे त्या पिढीला आमच्याइतकेच कळत होते. तरीही तिने त्यांना पाठवले, कारण त्यांना मंत्री करण्यासाठी पाठवलेलेच नव्हते. त्यांना साक्षीदार म्हणून पाठवले होते. सहा माणसे उभी राहिली की सभागृहाच्या कोणत्याही ठरावावर ‘एकमताने’ हा शब्द लिहिता येत नाही, एवढे काम त्यांना पुरेसे होते. सेनापती बापटांचे उपोषण झाले, १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला. त्या अहवालाने २६४ गावे महाराष्ट्रास देऊ केली आणि बेळगाव शहर मात्र कर्नाटकात ठेवले. महाराष्ट्राने तो नाकारला. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. या साऱ्या काळात दिल्लीला हा प्रश्न जिवंत आहे असे दाखवणारा पुरावा कोणता होता? निवेदनांचे गठ्ठे नव्हेत. निवडणुकीमागून निवडणूक समितीचा माणूस निवडून देणारा मतदार, हाच तो पुरावा होता.

मग २००८ साल उजाडले. २००१ च्या जनगणनेवर आधारलेली मतदारसंघांची नवी आखणी अमलात आली. उचगाव आणि बागेवाडी ही दोन्ही नावे नकाशावरून पुसली गेली, आणि बेळगाव उत्तर, बेळगाव दक्षिण व बेळगाव ग्रामीण असे तीन मतदारसंघ जन्मास आले. पश्चिमेकडील मराठी गावे आणि पूर्वेकडील हिरेबागेवाडीकडची कानडी गावे ग्रामीणच्या एकाच दावणीला बांधली गेली. उत्तरेकडील कडोलीसारखी गावे यमकनमर्डीला जोडली गेली. ज्या गावांचे हृदय एक होते त्यांची मते तीन-चार पेट्यांत वाटली गेली. त्याच वर्षीच्या निवडणुकीत समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. ग्रामीणमधून भारतीय जनता पक्षाचे संजय पाटील विजयी झाले.

येथे आमचे काही मित्र हात झटकून मोकळे होतात. ‘रेषाच अशा आखल्या, आम्ही काय करणार?’ रेषांचा दोष आम्ही झाकणार नाही. २००२ च्या परिसीमन कायद्यात मतदारसंघ आखताना भूरचना, प्रशासकीय घटकांच्या सीमा, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी असे सांगितले आहे. त्या यादीत भाषेचा उल्लेख नाही. राज्ये भाषेवर आखणाऱ्या देशाने सीमाभागातील मतदारसंघ आखताना भाषा अजिबात विचारात न घ्यावी, हा अन्याय आहे आणि तो आम्ही शंभर वेळा सांगू. परंतु अंगण वाकडे असले म्हणून नाचणाऱ्याचे सगळे दोष माफ होत नाहीत. अंगण खरोखरच इतके वाकडे होते काय, याचा निकाल २०१३ सालाने दिला आहे.

त्या वर्षी याच रेषांच्या आत, याच ग्रामीण मतदारसंघात, समितीचे उमेदवार व उचगावचे माजी आमदार मनोहर किणेकर यांचा पराभव दोन हजारांहूनही कमी मतांनी झाला. एखाद्या मोठ्या गावातील दोन-तीन मतदान केंद्रांवर सकाळी जरा लवकर उठले असते, तर ही जागा आमची होती! त्याच वर्षी बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील निवडून आले. म्हणजे नव्या रेषांतही समिती जिंकू शकते हे सिद्ध झाले होते. सिद्ध झालेल्या गोष्टीवर पाणी ओतण्याचे काम पुढील पाच वर्षांत कोणी केले? कर्नाटक सरकारने नव्हे, निवडणूक आयोगाने नव्हे. आम्हीच केले. २०१८ च्या निवडणुकीस समिती दोन गटांत विभागून सामोरी गेली. खानापुरात आणि बेळगाव दक्षिणेत समितीच्याच नावाने समितीविरुद्ध उमेदवार उभे राहिले. ‘अधिकृत कोण’ हे मतदाराने शोधून काढावे, अशी त्याच्याकडून अपेक्षा! ज्या मतदाराने साठ वर्षे समिती एक समजून मत दिले, त्याने त्या वर्षी कंटाळून पाठ फिरवली. ग्रामीणमध्ये काँग्रेसच्या लक्ष्मी हेब्बाळकर ५१,७२४ मतांच्या आघाडीने निवडून आल्या. समितीचा उमेदवार तिसरा आला. साऱ्या सीमाभागात समितीची पाटी कोरी राहिली. डिसेंबर २०२२ चा तो ‘एकमताचा’ ठराव त्या कोऱ्या पाटीवर लिहिला गेला आहे. भांडण दोघांचे, लाभ तिसऱ्याचा ही म्हण आमच्या आज्यांना पाठ होती. पुढाऱ्यांना तिचा विसर पडला.

ठरावानंतर तीन महिनेही झाले नाहीत तोच याच पट्ट्यात एक विलक्षण देखावा घडला. येळ्ळूरजवळच्या राजहंसगडावर छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला होता. २ मार्च २०२३ रोजी मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्याचे अनावरण केले. ५ मार्चला काँग्रेसच्या पुढाकाराने त्याच पुतळ्याचे पुन्हा अनावरण झाले. चार दिवसांत एकाच पुतळ्याची दोन अनावरणे! महाराजांविषयीच्या भक्तीला आम्ही कधीच आक्षेप घेणार नाही. भक्ती कोणीही करावी. परंतु निवडणूक मे महिन्यात होती हे आम्ही कसे विसरावे? ज्या दोन पक्षांनी डिसेंबरात हलग्याच्या सभागृहात हातात हात घालून ठराव केला, तेच दोन पक्ष मार्चात गडावर मराठी मतदाराच्या हृदयाचे दार कोण आधी उघडतो याची शर्यत लावीत होते. त्यांना आमच्या मताची किंमत नेमकी कळली आहे. ती किंमत आम्हांलाच कळलेली नाही. आम्हांला पुतळा दिला की आम्ही प्रसन्न होतो. आमच्या शेताचा उतारा कोणत्या भाषेत मिळतो, ग्रामपंचायतीची नोटीस कोणत्या भाषेत येते, हे विचारायचे मात्र राहून जाते.

१० मे २०२३ रोजी मतदान झाले. ग्रामीणमध्ये हेब्बाळकर यांची आघाडी ५६,०१६ वर गेली. समितीचे रा. म. चौगुले पुन्हा तिसऱ्या क्रमांकावर राहिले. बेळगाव दक्षिणेत समितीचा उमेदवार दुसरा आला, पण दुसऱ्या क्रमांकाला विधानसभेत खुर्ची नसते. एकी झाली होती, पण उशिरा झाली. पाच वर्षे तुटलेला धागा मतदानाच्या तोंडावर गाठ मारून जोडता येत नाही. गाठ दिसत राहते.

यावर एक शहाणपणाचा आक्षेप नेहमी येतो, आणि तो उडवून लावावा असा नाही. ‘राष्ट्रीय पक्षांचे उमेदवारही मराठी बोलतात, आमच्या लग्नाकार्याला येतात, रस्ते करतात, निधी आणतात. समितीचा आमदार विरोधी बाकावर बसून काय आणणार?’ रस्ता हवा, पाणी हवे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेला आमदार पक्षादेशाबाहेर मत देऊ शकत नाही. १९८५ पासून पक्षांतरबंदीचा कायदा त्याच्या डोक्यावर टांगलेला आहे. तो मनाने कितीही मराठी असो, सीमेच्या ठरावावर हात वर करण्याची वेळ आली की त्याचा हात त्याचा नसतो. रस्ता करणे हे सरकारचे कर्तव्य आहे. तो आम्ही आमच्या करातून मागतो, आमच्या मुखाच्या मोबदल्यात नव्हे. हलगा-मच्छे बायपाससाठी सुपीक जमिनी जाऊ लागल्या तेव्हा शेतकऱ्याला मोर्चा काढावा लागला, न्यायालयाची पायरी चढावी लागली. निधी आणणाऱ्यांची एवढी गर्दी असताना त्याच्यावर ही पाळी का यावी?

कानडी शेजाऱ्याशी आमचे भांडण नाही, हेही येथे स्पष्ट सांगतो. हिरेबागेवाडीचा शेतकरी आणि बेळगुंदीचा शेतकरी एकाच पावसाची वाट पाहतात. त्याला त्याच्या भाषेत जो हक्क आहे, तोच आम्ही आमच्या भाषेत मागतो. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी असे राज्यांना सांगितले आणि भाषिक अल्पसंख्यांकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद केली. ज्या दिवशी आम्ही कर्नाटकात ढकलले गेलो त्याच दिवशी ही तरतूदही अमलात आली. ढकलणे तेवढे पूर्ण झाले. तरतुदीचे काय झाले हे सभागृहात विचारण्यासाठी तोंड लागते.

आता मागचे उगाळणे पुरे. पुढचे संकट दाराशी आहे. २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत मतदारसंघांची फेररचना गोठवलेली आहे. ती जनगणना हीच. म्हणजे ग्रामीणच्या रेषा पुन्हा पुसल्या जाण्याची आणि पुन्हा आखल्या जाण्याची वाट मोकळी होत आहे. मागच्या कायद्यानुसार परिसीमन आयोगाला साहाय्य करण्यासाठी प्रत्येक राज्यातून पाच खासदार व पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून घेतले जात. त्यांना मतदानाचा अधिकार नसे, परंतु बोलण्याचा असे. समितीचा आमदारच नसेल तर त्या टेबलाशी आमच्यासाठी कोण बोलणार? तेव्हा उरतो एकच मार्ग. आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती घेण्याचा आणि जाहीर सुनावणीत उभे राहण्याचा. तो नागरिकाचा मार्ग आहे, आणि त्याला आमदारकी लागत नाही. तयारी मात्र लागते.

म्हणून आमचे तीन आग्रह आहेत. पहिला, जनगणनेचा कर्मचारी दारी येईल तेव्हा मातृभाषेच्या रकान्यात ‘मराठी’ लिहिले गेले आहे की नाही, हे प्रत्येक घराने स्वतः पाहावे. दुसरा, गावोगावच्या समित्यांनी आतापासून गावांची, वाड्यांची, मतदान केंद्रांची माहिती गोळा करावी, म्हणजे हरकतीचा कागद भावनेने नव्हे तर नकाशाने बोलेल. तिसरा आणि सर्वांत कठीण, उमेदवार एकच असावा, तो निवडणुकीच्या वर्षभर आधी ठरावा, आणि ज्याला उमेदवारी मिळाली नाही त्याने त्याच दिवशी प्रचाराला बाहेर पडावे. ज्याला हे जमणार नाही त्याने हिंडलग्याच्या स्मारकावर फुले वाहायला येऊ नये.

न्यायालय आपला निकाल आपल्या वेळी देईल. तोवर दर पाच वर्षांनी एक निकाल आमच्या हाती असतो. गेल्या दोन निवडणुकांत तो आम्ही स्वतःविरुद्ध दिला. पुन्हा कधी हलग्याच्या त्या सभागृहात सीमेचा ठराव येईल तेव्हा त्यावर ‘एकमताने’ हा शब्द लिहिता येऊ नये, इतके तरी आमच्या हातून घडो. त्या एका शब्दाला अडवायला बहुमत लागत नाही, एक माणूस पुरतो. तो एक माणूस पाठवणे उचगावला, हिंडलग्याला, बेळगुंदीला खरोखर इतके जड आहे काय?