निर्यातबंदीचा लगाम : तेलाला सैल, उसाला घट्ट



परदेशी विक्री रोखली की माल देशात राहतो आणि माल देशात राहिला की तो स्वस्त होतो, असा हिशेब दिल्लीत मांडला जातो. ऐकायला तो सरळ वाटतो. बारामती-इंदापूरच्या ऊस उत्पादकाचा मात्र या हिशेबाशी दोन बाजूंनी संबंध येतो. ट्रॅक्टरला आणि ऊस वाहतुकीला डिझेल लागते, म्हणून आपण तेलाचे गिऱ्हाईक. आपल्या उसापासून इथेनॉल होऊन ते पेट्रोलमध्ये मिसळते, म्हणून आपण इंधनाचे उत्पादकही. तेव्हा हा हिशेब दोन्हीकडून तपासला पाहिजे.

आधी तेलाचे पाहू. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शेकडा ८५ हून अधिक आपण बाहेरून आणतो. पण ते इथे शुद्ध करून तयार झालेले पेट्रोल-डिझेल मोठ्या प्रमाणावर बाहेर विकले जाते. २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटले आणि परदेशात डिझेलला सोन्याचा भाव आला. खाजगी कंपन्यांना इथल्या पंपावर तोट्यात विकण्यापेक्षा बाहेर धाडणे परवडू लागले. काही राज्यांत पंपांवर टंचाई जाणवली. तेव्हा केंद्र सरकारने १ जुलै २०२२ रोजी निर्यातीच्या डिझेलवर लिटरला १३ रुपये आणि पेट्रोलवर ६ रुपये कर बसवला. देशात निघणाऱ्या कच्च्या तेलावर टनाला २३,२५० रुपये लावले. निर्यातदारांनी काही हिस्सा देशातच विकावा, अशी अटही घातली.

मग आपल्या पंपावर डिझेल स्वस्त झालं का? त्या वर्षी झालं, पण या निर्बंधामुळे नव्हे. मे २०२२ मध्ये केंद्राने डिझेलवरचे उत्पादन शुल्क लिटरला ६ रुपयांनी कमी केले आणि जुलैत राज्याने आणखी ३ रुपये उतरवले. भाव उतरला तो त्यामुळे. पुढे मार्च २०२४ पर्यंत दर जवळजवळ जागचे हलले नाहीत. निर्यातकराचा पैसा सरकारी तिजोरीत गेला. निर्बंधामुळे डिझेल मिळत राहण्यास मदत झाली, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे. मिळणे वेगळे आणि स्वस्त मिळणे वेगळे.

अमेरिकेचा अनुभवही असाच आहे. १९७३ च्या अरब तेलबंदीनंतर त्या देशाने १९७५ साली कच्च्या तेलाच्या निर्यातीवर कायद्याने बंधन घातले. ते डिसेंबर २०१५ पर्यंत चालले. शेवटच्या काही वर्षांत तिथे तेल भरपूर निघू लागले आणि कच्चे तेल जगाच्या मानाने स्वस्त झाले. पण तयार पेट्रोल-डिझेलची निर्यात खुली होती, त्यामुळे पंपावरचा भाव जगाच्या बाजाराबरोबरच चालला. मधला फरक मुख्यतः रिफायनरीवाल्यांच्या पदरात पडला. विहिरीच्या मालकाला कमी मिळाले आणि गिऱ्हाइकाला फारसे लाभले नाही.

आता आपल्या बांधावर या. तेल कंपन्यांवर लावलेला कर दर पंधरवड्याला तपासला जात असे. पेट्रोलवरचा निर्यातकर २० जुलै २०२२ रोजी, म्हणजे तीन आठवड्यांच्या आतच, काढून टाकला आणि डिझेलवरचा कमी केला. २ डिसेंबर २०२४ ला तर सगळाच मोडीत निघाला. लगाम होता, पण भावाबरोबर सैल होणारा.

उसाचे काय? १ जून २०२२ पासून साखरेची निर्यात परवानगीशिवाय करता येईना. त्या हंगामाला १०० लाख टनांची मर्यादा, पुढच्या हंगामाला ६० लाख टन आणि २०२३-२४ ला दार बंद. त्यावर कडी म्हणजे ७ डिसेंबर २०२३ चा आदेश. उसाचा रस आणि पाक यांपासून इथेनॉल करायचे नाही! कारण दिले गेले ते कमी पावसाचे. ते अगदीच खोटे नव्हते. पण आठ दिवसांत, १५ डिसेंबरला, १७ लाख टन साखरेपुरती ढील द्यावी लागली. हंगाम संपला तेव्हा एकट्या महाराष्ट्रात सुमारे ११० लाख टन साखर निघाली होती. सुरुवातीच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त. पूर्ण बंदी उठली ती २९ ऑगस्ट २०२४ ला, पट्टे पडून गेल्यावर!

इथेच खरी मेख आहे. तेलाचा व्यापारी आज जहाज थांबवतो, उद्या सोडतो. आपली आडसाली लागण जुलैत होते आणि तोडणीला सोळा-अठरा महिने लागतात. जुलै २०२२ ला लावलेला ऊस नेमका त्या डिसेंबरात गव्हाणीवर येत होता. तो ऊस काय मागे घ्यायचा? डिस्टिलऱ्या उभ्या राहिल्या त्या २०१८ पासून केंद्राने स्वतःच दिलेल्या व्याज सवलतीच्या आधारावर. कर्जाचा हप्ता काही आदेश बघून थांबत नाही. ऊस आल्यापासून १४ दिवसांत एफआरपी द्यायची हा कायदा आहे. इथेनॉलचे पैसे लवकर हाती येतात, साखर मात्र गोदामात भाव बघत पडून राहते. हा ताण शेवटी कुणाच्या बिलावर येतो, हे सभासदाला सांगायला नको.

देशाला साखर पुरली पाहिजे, याबद्दल आपला वाद नाही. आपणही साखर विकत घेणारे आहोतच. मागणी इतकीच, की इथेनॉल आणि निर्यातीचे धोरण गळीत हंगामापूर्वी जाहीर व्हावे आणि हंगाम चालू असताना बदलू नये. बदलावेच लागले तर तेलासारखी ठरावीक मुदतीने तपासणी व्हावी आणि गाळपाचे आकडे पाहून ढील मिळावी. झालेल्या नुकसानीचा भार एकट्या कारखान्यावर आणि सभासदावर न टाकता केंद्रानेही उचलावा.

वार्षिक सर्वसाधारण सभेत आपण दराबद्दल बोलतो, काट्याबद्दल बोलतो, तोडणीच्या पाळीबद्दल भांडतो. ते बोललेच पाहिजे. पण आपला दर पुष्कळसा दिल्लीच्या एका कागदावर ठरतो. तेव्हा या मागण्यांचा ठराव माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी आणि शहाजीनगर या सर्व कारखान्यांच्या सभांत एकाच मजकुराचा व्हावा. पाच ठिकाणचे पाच वेगळे अर्ज फायलीत जातात. हजारो सभासदांचा एक ठराव फायलीत दाबून ठेवणे अवघड जाते.