वाडा मोडण्याआधी

पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला येणारे देवळाकडे वळतात. मागच्या गल्लीतल्या पडक्या वाड्याकडे कोण पाहणार? निजामी अमलात, विसाव्या शतकाच्या आरंभी उभा राहिलेला हा वाडा आता मोडून सागवान विकायचे ठरले आहे. माझे वडील म्हणतात, "पडू दे!"

त्यांचा राग मला कळतो. माझे आजोबा त्या वाड्यावर सालगडी होते. ढाळजेच्या आत त्यांचे पाऊल कधी पडले नाही. माळवदावर मात्र पडले! दर साल मृगाआधी आजोबा-आजी पांढरीची माती पाट्यांनी वर वाहत. तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, त्यांवर पाला आणि वर मातीचा जाड थर. वाड्यातला उन्हाळ्याचा गारवा आजीच्या डोक्यावरून चढलेला आहे. पुढे 1948 साली निजामी गेली, 1950 च्या कायद्याने कुळांना हक्क मिळाले. सालगडी कूळ नव्हता. असो.

मग वाड्याची मला एवढी कळकळ का? कुणी म्हणेल, किल्लारी विसरलास काय? विसरलो नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तिकडे दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसे गेली. माळवदाची धास्ती खोटी नव्हे. पण तिथेही छत लाकडी खांबांवर पेललेले होते अशा पुष्कळ घरांचा सांगाडा उभा राहिला. ढासळल्या त्या भिंती. दोन्ही अंगांचे दगड एकमेकांत न गुंतवता मधे चिखल आणि चिपा भरलेल्या. तेव्हा काय टाकावे आणि काय घ्यावे, हे पाहिल्याशिवाय कसे कळणार? (आमच्या स्लॅबच्या घरात मे महिन्यात कुणी झोपत नाही, आम्ही सगळे अंगणात असतो!)

आपल्या महाविद्यालयाची सहल वेरूळला जाते. जरूर जावी. पण दोन दिवस पोखर्णीलाही यावी. चौक, ओसरी, धान्याचे बळद, खांबांमधले अंतर मोजून नकाशा काढावा. मालकांच्या घरी जुने कागद असतील तर प्राध्यापकांनी ते वाचावेत. आणि माती वाहिलेल्या ज्या म्हाताऱ्या अजून आहेत, त्यांना मजुरी काय मिळे तेही त्याच वहीत लिहावे. नुसता मालकाचा वंशवृक्ष लिहिणार असाल तर मीही म्हणेन, पडू दे.

टेपचे दुसरे टोक धरायला मी वडिलांना बोलावले आहे. अजून ते हो म्हणालेले नाहीत.