कागद कशाला? तुम्ही आमच्या पोरांसारखेच!

हॉस्टेलवासी मित्रांनो, नळाला पाणी नाही म्हणून रेक्टरसरांच्या नावाने बोंब मारणारा मीही एकेकाळी तुमच्यातलाच होतो. सेकंड इयरला यादीत नंबर लागला नाही, गादी आणि बादली घेऊन बाहेर पडलो, तेव्हा हॉस्टेलची किंमत कळली.

१९९० साली जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. त्याआधी खान्देशातली कॉलेजे पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. २०१८ पासून आपल्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव आहे. शिक्षण दाराशी आले ही मोठीच गोष्ट. पण साक्री, नवापूर, चोपड्याच्या पोराने रोज अप-डाऊन किती करायचे? मग रूम शोधणे आलेच.

आम्हा तिघांना रूम मिळाली. गच्चीवर एक खोली, पत्र्याचे बाथरूम, भाडे तीन हजार, डिपॉझिट सहा हजार. माझ्या वाट्याचे दोन हजार वडिलांनी कांद्याच्या पट्टीतून दिले होते. मी भीतभीत विचारले, "काका, काही लिहून घ्यायचं का?" काका हसले, "कागद कशाला रे? तुम्ही आमच्या पोरांसारखेच!" आम्हालाही बरे वाटले.

मे महिन्यात रूम सोडली तेव्हा हिशेब झाला. रंग, लाईट बिल, तुटलेली कडी, आणि एक महिना आधी सांगितले नाही म्हणून आणखी एक भाडे. कडी आम्ही गेलो तेव्हाच तुटलेली होती, पण पुरावा काय? हातात एक रुपया आला नाही. वडिलांना मी अजून खरे सांगितलेले नाही. धुळ्याला देवपुरात राहणाऱ्या माझ्या मित्राची गोष्टही हीच, फक्त काकांच्या जागी काकू.

आता सगळा दोष मालकांचाच असे मी म्हणणार नाही. रात्री बारा वाजता गच्चीवर वाढदिवस आम्हीच केले. भाडे थकवून पळालेली पोरेही आहेत. रूम सुटेल का, ही भीती मालकालाही असतेच.

म्हणूनच कागद हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. "अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही" हा आपल्याकडचा लाडका गैरसमज. नुसते स्टँप पेपरवर नोटरी केले म्हणजे नोंदणी होत नाही. असा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरतात. ते खोटे ठरवायचे तर मालकाने पुरावा द्यायचा. उलट, लिव्ह अँड लायसन्सचा करार असेल आणि मुदत संपूनही पोरे हटली नाहीत, तर कलम २४ प्रमाणे मालक दुप्पट भाडे मागू शकतो. म्हणजे कागद दोघांच्याही फायद्याचा. नोंदणी आता ऑनलाईन होते. शहरात नोंदणी फी एक हजार रुपये, वर थोडे मुद्रांक शुल्क. तिघांत वाटले तर महिन्याच्या मेसपेक्षाही कमी पडते!

प्राध्यापकांना एक विनंती. हॉस्टेल ऑफिसात एक रजिस्टर ठेवा. कोणती रूम, भाडे किती, करार करून देतात का, डिपॉझिट परत मिळाले का, हे रूम सोडणाऱ्याने लिहायचे आणि शोधणाऱ्याने वाचायचे. एका वहीचा खर्च आहे.

आणि मित्रांनो, यादीत नंबर कुणाचाही हुकू शकतो. रूम घ्याल तेव्हा भाड्याची पावती मागा, पहिल्याच दिवशी तुटक्या कडीचा मोबाईलवर फोटो काढा. काका "पोरांसारखेच" म्हणाले तर नमस्कार जरूर करा, पण करार कधी करायचा तेही विचारा. दोन हजार रुपयांसाठी आपला बाप किती कांदा विकतो, ते आपल्याला माहीत आहे.