आधी मागणी, मग प्रत

गोराई खाडीच्या काठी गवताने झाकलेला जो मोठा उंचवटा दिसतो, ती टेकडी नव्हे. 1972 पासून 2007 पर्यंत मुंबईचा कचरा तिथे पडत होता. ते डम्पिंग ग्राउंड बंद झाले. पण आत कुजणाऱ्या कचऱ्याचा वायू बाहेर काढण्याची सोय करावी लागली. ओल्या कचऱ्यात गेलेला कागदही असाच हवेविना कुजतो आणि मिथेन सोडतो. म्हणून न मागता दारात पडणाऱ्या छापील पुस्तिकांचा प्रश्न निदान गोराईकरांनी तरी किरकोळ मानू नये.

एके काळी टेलिफोन डिरेक्टरीची वाट पाहिली जाई. फोनसाठी वर्षानुवर्षे थांबलेल्या घरात ते जाड पुस्तक फोनशेजारी मानाने बसे. आता नंबर मोबाइलमध्ये असतात, आणि दाराच्या कडीत अडकवून जातात त्या धंदेवाल्यांच्या नंबरांच्या पुस्तिका, क्लासची माहितीपत्रके, दुकानांची चकचकीत पाने. यांचा खर्च जाहिरातदार करतो. त्याला किती घरांत प्रत पोचली ते सांगायचे असते. ती कोणी उघडली का, हे कोणी विचारत नाही. खरे दुखणे तिथे आहे.

पण दुसरी बाजू हलकी नाही. म्हाडाने जागतिक बँकेच्या मदतीने वसवलेल्या गोराई-चारकोपच्या वसाहतींत कितीतरी छोटे धंदे घरातूनच चालतात. पोळीभाजीचा डबा देणाऱ्या ताईंना किंवा प्लंबरला मोबाइलवरच्या जाहिरातीचे दर आणि तंत्र दोन्ही जड जातात. एखादी स्थानिक पुस्तिका त्यांना गिऱ्हाईक मिळवून देते. नजर अधू झालेल्या आजोबांनाही ठळक टायपातला इलेक्ट्रिशियनचा नंबर फोनच्या पडद्यापेक्षा सोपा पडतो.

कायदाही छापणाऱ्याच्या बाजूने आहे. ‘टाटा प्रेस यलो पेजेस’वर एमटीएनएलने हरकत घेतली, तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1995 मध्ये निकाल टाटा प्रेसच्या बाजूने लागला: जाहिरात हीदेखील अभिव्यक्ती आहे, तिला संविधानाच्या कलम 19 चे संरक्षण आहे. त्यामुळे महापालिकेने सरसकट बंदी घालावी, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र जाहिरात मिळवणे, वाचणे हा नागरिकाचाही हक्क आहे, असे त्याच निकालात म्हटले आहे. ज्याला घेण्याचा हक्क आहे, त्याला नको म्हणण्याचाही असायला हवा. छापण्याची मोकळीक म्हणजे प्रत्येक उंबऱ्यावर टाकण्याची मोकळीक नव्हे.

रद्दीवाला नेतोच की, मग वाया काय जाते, असेही विचारले जाते. वर्तमानपत्रांपुरते ते बरेचसे खरे आहे. रद्दीवाल्याने या शहराचा जेवढा कागद वाचवला, त्याबद्दल आपण त्याचे ऋणीच आहोत. पण प्लास्टिकचा थर चढवलेले कव्हर सहज लगद्यात जात नाही. बंद घराच्या दाराशी पावसात भिजलेली प्रत तर थेट कचऱ्याच्या डब्यात जाते. शिवाय पुन्हा लगदा करताना कागदाचा तंतू दर खेपेला आखूड होतो, पाणी आणि वीज लागते ती वेगळीच. जी प्रत छापलीच नाही, तिला यातले काहीच लागत नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. सोसायटीच्या नोटीस बोर्डाशेजारी एक वही ठेवावी. ज्यांना पुस्तिका हवी त्यांनी खोली नंबर लिहावा, वाटणाऱ्याने तेवढ्याच प्रती आणाव्यात, एक प्रत कार्यालयात राहावी. वसाहतीतल्या छोट्या धंदेवाल्यांचे नंबर बोर्डावर विनामूल्य लावावेत, म्हणजे त्यांच्या पोटावर पाय येणार नाही. गोराईतल्या अनेक सोसायट्या लहान आहेत, सभासद एकमेकांना ओळखतात. इथे हे जमण्यासारखे आहे.

सोसायट्यांना वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. या वेळच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यायला आपल्या सेक्रेटरींना आजच सांगा.