जादूगारांनाही बँड सांगावा लागतो

"वाजवायला माणसं कशाला लागतात आता? पेनड्राइव्ह लावला की झालं," असं तोंडावर सांगणारी गिऱ्हाइकं वाढली आहेत. त्यांना मी हल्ली हॅरी पॉटरचा दाखला देतो. ते हसतात. शिरड शहापूरच्या बँजो पार्टीत पॅड वाजवणाऱ्या माणसाच्या तोंडी हे नाव शोभत नाही, हे मलाही कळतं. पण आमची लेक आठवीत आहे. सुट्टीत तिनं या पुस्तकांचे मराठी अनुवाद ओळीनं संपवले आणि माझ्या कामाचं जेवढं होतं तेवढं मला वाचून दाखवलं. "पप्पा, यांच्यातबी बँड आहे," असं ती म्हणाली, तेव्हा मी हिशेबाची वही मिटून ऐकत बसलो.

चौथ्या भागात हॉगवर्ट्स नावाच्या जादूच्या शाळेत नाताळच्या रात्री मोठा नाच ठरतो. त्यासाठी 'वीअर्ड सिस्टर्स' नावाचा बँड बोलावलेला असतो. हॅरी बिनजादूच्या घरात वाढलेला, त्याला हे नाव ठाऊक नाही. पण जादूगारांचा रेडिओ ऐकत मोठी झालेली पोरं नुसत्या नावानं उड्या मारायला लागतात. नावात बहिणी, आणि मंचावर येतात ते झिपरे लोक, अंगात काळे झगे, तेही ठरवून फाडलेले. नाचाच्या आधी हेडमास्तर डंबलडोर छडी फिरवतात. टेबलं आपोआप भिंतीकडे सरकतात, मंच उभा राहतो आणि त्यावर ड्रम, गिटार, ल्यूट, चेलो, बॅगपाइप अशी सगळी वाद्यं मांडली जातात. इथवर सगळी जादू. त्यानंतर मात्र माणसं पायांनी चालत मंचावर चढतात, हातात वाद्यं घेतात आणि वाजवतात.

आता मुद्दा बघा. ज्या जगात ताटं आपोआप भरतात, भांडी स्वतःच स्वतःला घासतात आणि सुया आपल्या आपण स्वेटर विणतात, तिथं ड्रमला मंत्र घालून वाजवायला लावणं काय अवघड होतं? लेखिकेला ते सुचलं नसेल असंही नाही. त्याच शाळेत, त्याच नाताळात, रिकामी लोखंडी चिलखतं मंतरून ठेवली आहेत. जवळून कुणी गेलं की ती नाताळची गाणी म्हणतात. पण आतल्या पोकळीला गाण्याचे अर्धेच शब्द येतात. मग एक खोडकर भूत चिलखतात शिरून उरलेल्या जागी वाह्यात शब्द भरतं. लेक हे वाचताना पोट धरून हसत होती. मला आमच्या गावातली डीजेची गाडी आठवली.

म्हणजे माणसाशिवायचं गाणं कसं असतं, ते या बाईनं दाखवून ठेवलंय, आणि खऱ्या नाचाची वेळ आली तेव्हा बँड सांगितलाय. सातव्या भागात वीजली कुटुंबात थोरल्या पोराचं लग्न आहे. तिथं वाजवायला येणारे लोक सोनेरी कोट घालून येतात. हे ऐकून मी लेकीला ते पान पुन्हा वाचायला लावलं. जरीचा कोट घालून उन्हात उभं राहणं म्हणजे काय, हे ज्यांनी वसमत रोडवर एप्रिलमधली दुपारची वरात वाजवलीय त्यांनाच माहीत.

या वीअर्ड सिस्टर्सना त्यांच्या दुनियेत मान केवढा! टाँक्स नावाची जादूगार पोरगी, चांगली नोकरीवाली, त्यांच्या नावाचा टी-शर्ट घालून फिरते. चॉकलेटच्या पाकिटात मिळणाऱ्या थोरामोठ्यांच्या कार्डांमध्ये या वाजवणाऱ्यांचीही कार्डं आहेत, आठांची आठ नावं. गातो तो मायरन वॅगटेल, ड्रमवर ओर्सिनो थ्रस्टन, बॅगपाइप फुंकतो गिडिअन क्रम्ब. ज्या माणसांना कथेत दोन ओळींचंही बोलणं नाही, त्यांनाही नाव आहे. २००५ साली चौथ्या भागाचा सिनेमा आला तेव्हा खोट्या बँडसाठी खरे वाजवणारे आणावे लागले. पल्प या बँडचा जार्विस कॉकर गायला उभा राहिला, रेडिओहेडचे जॉनी ग्रीनवुड आणि फिल सेल्वे त्याच्या मागे. तिकडे कॅनडात विनिपेगच्या बायकांचा एक लोकसंगीताचा गट जवळपास याच नावानं आधीपासून गात होता. त्यांनी सिनेमा कंपनीवर दावा लावला. सिनेमा काही थांबला नाही, पण त्यात वीअर्ड सिस्टर्सचं नावच घेतलं गेलं नाही. अमेरिकेत तर दोन सख्ख्या भावांनी २००२ मध्ये 'हॅरी अँड द पॉटर्स' नावाचा बँड काढला आणि गावोगावच्या वाचनालयांत जाऊन वाजवलं. आमच्याकडे वाचनालयात हलगी नेली तर काय होईल, याची कल्पना करा.

कुणी म्हणेल, हे गोऱ्यांचं कौतुक झालं, आपल्याकडे काय कमी आहे? कमी काहीच नाही. इंद्राच्या दरबारात गंधर्वांची अख्खी कंपनी आहे. तुंबरू आहे, चित्ररथ आहे, वीणा घेतलेले नारद येऊन-जाऊन असतात. देवांनाही स्वर्गात वाजवणारे ठेवावे लागले. या कल्पनेतल्या कंपनीची पदवी आपण खऱ्या माणसांनाही लावली. नारायण श्रीपाद राजहंस बालगंधर्व झाले, रामभाऊ कुंदगोळकर सवाई गंधर्व झाले, शिवपुत्र कोमकली कुमार गंधर्व झाले. त्यांची योग्यता मोठी, त्याबद्दल बोलायची माझी पात्रता नाही. मला एवढंच विचारायचंय की आमच्या भागात हलगीवर चार-चार तास माणसं नाचवणाऱ्या एकाला तरी कुणी कधी गंधर्व म्हटलंय का? त्याला म्हणतात, "ए, वाजीव रे."

हलगीवाल्याचं काम जवळून बघा कधी. मांडवात अक्षता वाटायला लागलेल्या असतात आणि हा मांडवामागे उकिरड्याच्या कडेला पऱ्हाट्या पेटवून बसलेला असतो. हलगीचं कातडं दमट हवेत सैल पडतं, ते शेकल्याशिवाय आवाज उठत नाही. जाळावर धरायची, बोटानं टिचकी मारून ऐकायचं, परत धरायची. जास्त शेकलं तर कातडं फाटतं, कमी शेकलं तर वरातीत बोंब. हा अंदाज कानाला आणि तळहाताला मिळून असतो. माझे वडील बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. त्याची पत्ती चुन्याच्या रिकाम्या डबीत असायची. परण्या निघायच्या आधी ती जिभेवर धरून ओली करायची. तेवढा वेळ ते कुणाशी बोलत नसत. लोकांना वाटायचं, बँडवाल्याला माज आलाय. पुढे नागीण सुरू झाली की नवरदेवाचा एखादा मित्र दातात नोट धरून रस्त्यावर लोळणार. क्लॅरनेटवाल्यानं खाली गुडघ्यावर बसायचं, भोंगा मांडीवर टेकवायचा, डाव्या हाताच्या बोटांवर भागतील तेवढ्याच सुरांत नागीण चालू ठेवायची आणि उजव्या हातानं ती नोट काढून घ्यायची. हे कसब कुठल्या संगीत परीक्षेला नाही. आणि त्या नोटेला लागलेली थुंकीही कुठल्या वीअर्ड सिस्टरनं पुसली नसेल.

जेवायची वेळ आली की वाजवणाऱ्यांना ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं, "पाव्हणे जेवायलेत, पंगत उठू द्या, मग बघू." मग बघतात तेव्हा बुंदी संपलेली असते आणि भात गार. बसायचं मांडवाच्या मागे, जनरेटरशेजारी. पूर्वी वाजवणारा कोणत्या घरातून आलाय ते सगळ्यांना ठाऊक असायचं आणि त्यावरूनच त्याची जागा ठरायची. आता कुणी उघड बोलत नाही, पण जागा तीच आहे. हलगी खुंटीला टांगून शिकायला गेलेल्यांना मी कधी नावं ठेवणार नाही. त्यांच्या बापजाद्यांना ते वाजवणं कला म्हणून मिळालेलंच नव्हतं. सणावाराला, मयताला, दवंडीला गावानं हुकूम करायचा आणि पसाभर धान्य द्यायचं. ते त्यांनी सोडलं, बरं केलं. माझं भांडण आहे ते आज राजीखुशीनं, इसार घेऊन, बोलीचा व्यवहार करून वाजवायला येतो त्यालाही मागंच बसवणाऱ्यांशी.

आणि हे कुठं चालतं? औंढ्याच्या पंचक्रोशीत. आमच्या शिरडहून औंढा नागनाथ हाकेच्या अंतरावर, आणि नामदेवांचं नरसीही आपल्याच जिल्ह्यातलं. नागनाथाच्या देवळात गेलात की कुणी ना कुणी सांगतंच. नामदेव देवळापुढे कीर्तन करत होते. टाळ-मृदंगाची गर्दी झाली, पूजेला अडचण होते म्हणून त्यांना मागच्या बाजूला जायला सांगितलं. ते मुकाट मागे गेले, तिथं कीर्तन सुरू झालं आणि देऊळच फिरलं. नंदी मागच्या अंगाला राहिला, तो आजही खूण म्हणून दाखवतात. इतिहास काय म्हणतो ते जाणकार सांगतील. मी ही गोष्ट वाजवणाऱ्याच्या कानानं ऐकतो. मला तिच्यात सरळ दिसतं ते असं, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना मागे हाकललं आणि देवाला ते खपलं नाही. हॅरी पॉटरची जादू त्यापुढे किरकोळ. आपण मात्र नंदीच्या पाठीला हात लावून ही गोष्ट लेकरांना सांगतो आणि तिथून लग्नाला जाऊन बँडवाल्याला म्हणतो, मागं बसा.

डीजेवर मी आगपाखड करणार नाही. माझ्याच बहिणीच्या पोरानं कर्ज काढून डीजे घेतलाय आणि हळदीच्या पिकाचे पैसे लोकांच्या हातात आले की त्याच्या तारखा माझ्याआधी भरतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, रात्री १० ते सकाळी ६ भोंगे बंद. हे डीजेवाल्याला सांगायला लोकांना फार आवडतं. खरं सांगतो, रंगात आलेली हलगीही ५५ मध्ये बसत नाही. माझा आक्षेप आवाजावर नाहीच. वाजवणारा समोर असला की त्याला गर्दी दिसते. म्हातारी आजी पारावरून उठून दोन पावलं नाचली की तो लय उतरवतो. पोरं दमली की ठेका बदलतो. नवरीचा बाप कोपऱ्यात डोळे पुसायला लागला की नागीण थांबवून दुसरंच काही धरतो. पेनड्राइव्हला समोरचा माणूस दिसत नाही, पुढचं गाणं लागायचं ते लागतंच.

जाता जाता एक गंमत. आमच्याच औंढा तालुक्यात लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं तिला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असणार आणि अब्जावधी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की अणूच्या गाभ्याहूनही बारीक थरथर ती टिपणार. तेवढं बारीक ऐकायला आपला तालुका निवडलाय म्हणे, शांत आहे म्हणून. शास्त्रज्ञांनी लग्नसराई सोडून पाहणी केली असावी.

आता कामाचं बोलतो. तुळशीचं लग्न झालं की तारखा निघतील. माझी मागणी पैशाची नाही, इसार ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. दोनच गोष्टी मागतो. वाजवणाऱ्यांना पहिल्या नाहीतर दुसऱ्या पंगतीत पाव्हण्यांबरोबर बसवा, आणि पत्रिकेवर त्यांची नावं छापा. जादूगारांच्या बँडमध्ये आठांना आठ नावं आहेत, आमच्यात तर फार तर सात-आठच जण असतात. खुळखुळे वाजवणाऱ्या पोराला वाजवता काहीच येत नसतं हे मान्य, पण उन्हात तोही चालतो, त्याचंही छापा.

गेल्या हंगामात एका नवरदेवाच्या बापाला मी हे बोललो. तालेवार माणूस, पत्रिका चार पानांची. त्यानं विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाला, "मास्तर, तुमचं बरोबर आहे, पण जागाच नाही हो पत्रिकेत." मी पत्रिका उघडून बघितली. प्रेषक, निमंत्रक, व्यवस्थापक, कार्यवाहक, आणि खाली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी सोळा लेकरं. त्यातलं सगळ्यात लहान अजून बसायलाही लागलेलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, दादा, हे किलबिलमधलं शेवटचं नाव पुढच्या लग्नापर्यंत थांबवा. तिथं आमच्या क्लॅरनेटवाल्याचं बसतंय.