गॅरेजला जोडलेली खोली

आईचे गुडघे दुखू लागले आणि जिना तिला डोंगर झाला. म्हणून बालाघाटच्या आमच्या घरी, गॅरेजला लागून तिच्यासाठी खोली काढायचे ठरले. मिस्त्री म्हणाले, "सर, जुन्या भिंतीत नवी भिंत गुंतवू नका. मधे बोटभर फट राहू द्या." मला ती फट बघवेना. हट्टाने दोन्ही भिंती जोडून वरून सलग गिलावा करून घेतला.

पहिल्याच पावसाळ्यात जोडावर वरपासून खालपर्यंत तडा गेला! जुना पाया इतक्या वर्षांच्या ओझ्याने बसलेला, नवा अजून बसायचा होता. त्यात आमच्या प्लॉटची माती काळी. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. शेवटी मिस्त्रींनी जोड मोकळा करून फटीत लवचीक भराव भरला. गॅरेजकडचे दारही बुजवले, कारण गाडीचा धूर तिथून खोलीत येई.

आई मात्र शांत होती. म्हणाली, "बाबू, सून घरात आली तेव्हा मी तिला वर्षभर काही म्हटलं नव्हतं. जोडलं की लगेच एक होत नाही."

स्वयंपाकघरातून हिचे हसू ऐकू आले.

घर वाढवणाऱ्यांनो, आधी मिस्त्रीचे ऐका. आणि मग आईचे.